वारंवार सुटणारे ब्रॅकेट आणि बाँडच्या ताकदीचा प्रश्न: एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

दात सरळ करण्याच्या उपचारात एखादा ब्रॅकेट, म्हणजे तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, मध्येच निघणे ही नेहमीची बाब आहे. मात्र ठरावीक दातांवरचेच ब्रॅकेट पुन्हापुन्हा निघू लागले की उपचार लांबत जातो, तारेने जागेवर येत असलेला दात मागे फिरतो आणि रुग्ण व डॉक्टर या दोघांचाही धीर सुटू लागतो. अशा वेळी पहिला संशय बहुधा चिकटवणाऱ्या पदार्थावर घेतला जातो आणि त्याहून 'ताकदवान' पदार्थ मागवला जातो. पुढे मांडलेल्या प्रकरणातही माझ्याकडे येण्यापूर्वी हेच घडले होते. बाँडची, म्हणजे ब्रॅकेट आणि दात यांच्यातल्या जोडाची, ताकद ही दाताचा पृष्ठभाग, चिकटवणारा पदार्थ, ब्रॅकेटचा तळ आणि त्यावर येणारा भार या चौघांच्या मेळातून ठरते, आणि त्यांपैकी नेमके कोण कमी पडले हे निघालेल्या ब्रॅकेटच्या तळावर व दाताच्या पृष्ठभागावर बहुतेक वेळा वाचता येते. ते वाचल्याशिवाय पदार्थ बदलण्यात अर्थ नाही, असे माझे मत या प्रकरणाने अधिक पक्के केले.

रुग्ण आणि आधीचा उपचार

रुग्ण १३ वर्षांचा मुलगा होता. कुटुंबाने राहण्याचे ठिकाण बदलल्यामुळे अर्धवट झालेला उपचार पुढे चालवण्यासाठी तो माझ्याकडे आला. पुढच्या दातांची गर्दी मध्यम प्रमाणात होती आणि डीप बाईट होता, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या पुढच्या दातांना वाजवीपेक्षा बरेच जास्त झाकत होते. ब्रॅकेट धातूचे होते आणि त्यांच्या तळाला नेहमीची बारीक जाळी होती.

तक्रार चार ब्रॅकेटची होती. खालचे मधले दोन पटाशीचे दात आणि खालच्या डाव्या व उजव्या दुसऱ्या उपदाढा यांवरचे ब्रॅकेट टिकत नव्हते. बाकी सर्व ब्रॅकेट पहिल्या दिवसापासून जागेवर होते. सोबत आलेल्या नोंदींवरून असे दिसले की सुरुवातीला ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड (त्याने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणे म्हणजे एचिंग), प्रायमर (त्यावर लावायचे पातळ रेझिन) आणि प्रकाशाने घट्ट होणारे कंपोझिट (चिकटवणारा रेझिनचा पदार्थ) ही प्रचलित पद्धत वापरली होती. ब्रॅकेट निघाल्यावर सेल्फ-एचिंग प्रायमर, म्हणजे ॲसिड आणि प्रायमर एकत्र असलेला पदार्थ, वापरला गेला, आणि त्यानेही भागले नाही तेव्हा माहितीपत्रकात जास्त मेगापास्कल (बाँडची ताकद मोजण्याचे एकक) दाखवणारे दुसरे कंपोझिट आणले गेले. प्रत्येक वेळी मुलाला कडक पदार्थ न खाण्याची ताकीद मिळाली होती. त्याची आई सांगत होती की घरात आता जेवणाच्या ताटावर रोज वाद होतात आणि तो खोटे बोलत नाही असे तिला मनापासून वाटते. खाण्याच्या सवयींमुळे ब्रॅकेट निघतात यात शंका नाही. परंतु निष्काळजीपणे खाणाऱ्या मुलाचे ब्रॅकेट असे निवडून चारच दातांवरचे, तेही डाव्या-उजव्या बाजूला सारखे, निघत राहणे मला पटेना.

कुठे तुटले ते पाहणे

मुलाने निघालेले ब्रॅकेट एका छोट्या डबीत जपून आणले होते, आणि त्याचा फार उपयोग झाला. बाँड तीन ठिकाणी तुटू शकतो: एनॅमल (दाताचे कठीण बाहेरचे आवरण) आणि पदार्थ यांच्या सीमेवर, पदार्थाच्या पोटात, किंवा पदार्थ आणि ब्रॅकेटचा तळ यांच्या सीमेवर. हे नोंदवण्यासाठी ओर्तुन आणि बर्गलँड यांनी १९८४ मध्ये सुचवलेला ॲडहेसिव्ह रेम्नंट इंडेक्स आजही वापरला जातो. दातावर काहीच पदार्थ उरला नसेल तर ०, निम्म्यापेक्षा कमी उरला असेल तर १, निम्म्यापेक्षा जास्त असेल तर २, आणि सगळाच पदार्थ दातावर राहून त्यावर जाळीचा ठसा दिसत असेल तर ३, अशी ही सोपी मोजणी आहे.

मधल्या दोन पटाशीच्या दातांवर गुण ३ होता. कंपोझिटची पूर्ण थाळी दातावर तशीच होती आणि भिंगाखाली तिच्यावर जाळीच्या चौकड्या स्पष्ट दिसत होत्या. टोकदार प्रोबने ती खरवडून पाहिली तेव्हा ती कुठेही मऊ लागली नाही, म्हणजे प्रकाश कमी पडून पदार्थ कच्चा राहिल्याची शक्यता मागे पडली. ब्रॅकेटच्या वरच्या पंखांवर, जिथे तारेची रबरी कडी अडकवतात तिथे, घासून चकाकणारे आडवे ओरखडे होते. मुलाला रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगितले तेव्हा वरच्या मधल्या दातांच्या कडा उरलेल्या कंपोझिटच्या थाळीवरच निळी खूण उमटवत होत्या. येथे एनॅमलशी झालेला बाँड उत्तम होता. प्रत्येक घासाला आणि झोपेत दात घट्ट मिटले की त्याहूनही जोराने वरचा दात ब्रॅकेटवर आदळत होता.

उपदाढांचे चित्र अगदी उलट होते. तेथे गुण ० होता: दाताचा पृष्ठभाग स्वच्छ व चकचकीत, आणि सगळा पदार्थ ब्रॅकेटच्या तळाला चिकटलेला. त्या पदार्थाची दाताकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. एचिंग नीट झालेल्या एनॅमलवरून सुटलेल्या पदार्थाला जो बारीक खरखरीतपणा येतो तो तिथे नव्हता, आणि हिरडीकडच्या तिसऱ्या भागात एक पांढुरकी, निस्तेज पट्टी व त्यात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे होते. ही पट्टी ओलाव्याकडे बोट दाखवत होती.

तोंडात पाहिल्यावर त्याचे कारणही दिसले. डावी उपदाढ पुरेशी वर आलेली होती, पण तिथे लाळ पटकन साचत होती आणि मुलाची जीभ सतत आडवी येत होती. उजवी उपदाढ उशिरा उगवलेली होती. तिच्या गालाकडच्या बाजूचा मानेजवळचा भाग अजून हिरडीखाली होता, हिरडी किंचित सुजलेली होती आणि प्रोबचा हलका स्पर्श होताच रक्त येत होते. ब्रॅकेट दाताच्या मध्यावर ठेवायचा म्हटले तर त्याची खालची कड जवळजवळ हिरडीवरच टेकत होती.

मेगापास्कलचा आकडा काय सांगतो

मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले की एनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड लावल्यास ॲक्रिलिक रेझिन त्यावर कितीतरी घट्ट धरते. त्यांनी ८५ टक्के तीव्रतेचे ॲसिड ३० सेकंद वापरले होते. आज ३७ टक्के ॲसिड १५ ते ३० सेकंद पुरते. ॲसिड एनॅमलचा वरचा अतिशय पातळ थर विरघळवते आणि खाली सूक्ष्म छिद्रे उघडते. पातळ रेझिन त्या छिद्रांत शिरून घट्ट झाले की ते तेथे यांत्रिकपणे अडकून बसते. १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी इपॉक्सी रेझिनने ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याचे काम प्रसिद्ध केले, आणि प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवण्याची गरज हळूहळू उरली नाही. पुढे १९७५ मध्ये रेनॉल्ड्स यांनी नेहमीच्या उपचारासाठी ५.९ ते ७.८ मेगापास्कल एवढी ताकद पुरेशी ठरावी असे सुचवले. ही एका आढावा लेखातली सूचना होती. ती गेली कित्येक दशके नियमासारखी उद्धृत केली जात आहे.

या आकड्याचा तोंडातला अर्थ काढून पाहिला तर बराच उलगडा होतो. १ मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन. ब्रॅकेटचा तळ ३.५ गुणिले ३, म्हणजे १०.५ चौरस मिलिमीटर धरला तर ५.९ ते ७.८ मेगापास्कल म्हणजे सुमारे ६२ ते ८२ न्यूटन, अर्थात साधारण ६ ते ८ किलो वजनाएवढा जोर. दातांना हलवणाऱ्या सुरुवातीच्या बारीक तारेचा जोर याच्या आसपासही नसतो, त्यामुळे तारेसाठी ही ताकद मुबलक आहे. पण उपदाढा आणि दाढा यांच्यामध्ये जोराने चावताना निर्माण होणारा जोर शेकडो न्यूटनपर्यंत जातो. समोरचा दात थेट ब्रॅकेटवर आदळत असेल तर ७ ऐवजी १२ मेगापास्कलचा पदार्थ वापरून काही साधत नाही; आज निघणारा ब्रॅकेट फार तर पुढच्या आठवड्यात निघेल.

प्रयोगशाळेत हा आकडा कसा मिळतो हेही लक्षात ठेवले पाहिजे. काढलेले मानवी उपदाढेचे दात किंवा गाईबैलांचे दात ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवतात, कोरड्या आणि मोकळ्या हाताने त्यांवर ब्रॅकेट चिकटवतात, बहुधा २४ तास ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात, काही वेळा ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात, आणि मग यंत्राचे पाते मिनिटाला अर्धा ते एक मिलिमीटर एवढ्या संथ वेगाने ब्रॅकेटच्या कडेवर दाबत नेतात. ब्रॅकेट सुटला त्या क्षणाचा जोर तळाच्या क्षेत्रफळाने भागला की मेगापास्कल मिळतात. तोंडात मात्र भार असा एकदाच आणि एकाच दिशेने येत नाही. छोटे छोटे धक्के हजारो वेळा बसतात, लाळेतले पाणी पदार्थात मुरते, आणि पुष्कळदा जोर कडेला एकवटून, पाकिटावरचे तिकीट कोपऱ्यातून उचलावे तसा, ब्रॅकेट उचलला जातो. म्हणूनच हिरडीकडची एक कड जरी ओलाव्याने कच्ची राहिली तरी उरलेल्या पूर्ण तळाचा बाँड तिथून उकलत जाऊ शकतो. क्षेत्रफळाने भागलेली सरासरी ही गोष्ट दाखवत नाही.

सरासरीबद्दल आणखी एक मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा एका पदार्थाची सरासरी ताकद १२ मेगापास्कल आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, ४. दुसऱ्याची सरासरी ९ आहे आणि प्रमाण विचलन १.५. माहितीपत्रकात पहिला पदार्थ उठून दिसेल. पण वितरण सामान्य धरले तर ६ मेगापास्कलच्या खाली राहणारे ब्रॅकेट पहिल्या पदार्थात शेकडा जवळपास ७ असतील आणि दुसऱ्यात शेकडा २ च्या आसपास. दवाखान्यात निघतात ते ब्रॅकेट सरासरीचे नसतात, खालच्या टोकाचे असतात. म्हणून पदार्थ निवडताना विखुरलेपणा आधी पाहावा. गंभीर अभ्यासांत वायबुल विश्लेषण, म्हणजे कोणत्या भाराला किती ब्रॅकेट सुटतील याचा अंदाज देणारी सांख्यिकी पद्धत, दिलेले असते ते याचसाठी.

उपचारात केलेले बदल

पहिली गोष्ट चाव्याची केली. वरच्या मधल्या दोन दातांच्या आतल्या बाजूला कंपोझिटचे छोटे उंचवटे, ज्यांना आम्ही बाईट टर्बो म्हणतो, बसवले, जेणेकरून तोंड मिटताना खालच्या दातांच्या कडा त्या उंचवट्यांवर टेकतील आणि वरचे दात ब्रॅकेटपर्यंत पोहोचणार नाहीत. रंगीत कागदाने पुन्हा तपासून ब्रॅकेटच्या जागेवर खूण उमटत नाही याची खात्री केली. पुढच्या दातांवरच भार आल्याने मागचे दात किंचित उघडे राहिले. वाढीच्या वयात ते हळूहळू वर येतात आणि डीप बाईट कमी होण्यास मदत होते, त्यामुळे हा उपाय मूळ उपचाराशीही जुळणारा होता. पहिले काही दिवस चावायला त्रास होईल हे मुलाला आधीच सांगितले. पटाशीच्या दातांवरचे जुने कंपोझिट टंगस्टन कार्बाइड बरने (फिरणाऱ्या बारीक कटरने) काढून, नेहमीच्याच पद्धतीने आणि नेहमीच्याच कंपोझिटने नवीन ब्रॅकेट बसवले. पदार्थात काहीही बदल केला नाही.

उपदाढांसाठी सारे लक्ष कोरडेपणावर दिले. एका वेळी एकच दात घ्यायचा, गाल दूर धरणारा रिट्रॅक्टर, गालाच्या आत लाळ शोषणारी त्रिकोणी पट्टी, जिभेकडे कापसाची गुंडाळी आणि चालू सक्शन, असा क्रम ठेवला. हवेच्या सिरिंजमधून तेल किंवा पाण्याचे कण येत नाहीत ना, हे आरशावर हवा मारून पाहिले. आरसा धुरकट झाला तर तीच हवा एचिंग केलेल्या दातावर ओलावा नेऊन ठेवते, आणि ही तपासणी फार ठिकाणी राहून जाते. दात तेल व फ्लोराइड नसलेल्या प्युमिसने (घासण्याच्या बारीक पुडीने) घासून धुतला, ३० सेकंद एचिंग केले, भरपूर पाण्याने धुतले आणि खडूसारखी पांढरी झाक पूर्ण जागेवर येईपर्यंत वाळवले. एचिंग झाल्यावर लाळेचा स्पर्श झाला तर तिच्यातली प्रथिने काही क्षणांत छिद्रांवर बसतात आणि नुसत्या धुण्याने पुरती निघत नाहीत. अशा वेळी पुन्हा एचिंग करावे, हे सहायिकेलाही सांगून ठेवले होते. धातूच्या ब्रॅकेटमधून प्रकाश आरपार जात नसल्यामुळे दिवा समोरून न धरता आधी पुढच्या आणि मग मागच्या कडेने धरला.

डावी उपदाढ त्या दिवसापासून टिकली. उजवी मात्र पुढच्या भेटीपूर्वीच पुन्हा निघाली, आणि गुण पुन्हा ० होता. हे निरीक्षण मला मोलाचे वाटते, कारण टर्बोमुळे या दोन्ही उपदाढा चाव्याबाहेर होत्या, पदार्थ, पद्धत आणि हात तेच होते; फरक होता तो हिरडीचा. उजवीकडे दाताच्या मानेशी हिरडीच्या फटीतून पाझरणारा द्रव आणि रक्ताचा अंश कितीही सक्शन लावले तरी तिथे येतच होता. कंपोझिट हे मुळात पाण्याला दूर लोटणारे रेझिन आहे. ओल्या एनॅमलवर ते पसरत नाही आणि छिद्रांत शिरत नाही.

यावर तीन मार्ग होते. हिरडीचा थोडा भाग काढून दात उघडा करणे, दात पुरेसा वर येईपर्यंत थांबणे, किंवा ओलावा सहन करणारा पदार्थ वापरणे. सुजलेली हिरडी लगेच कापण्याची मला घाई वाटली नाही, आणि थांबल्यास शेजारच्या दातांचे काम अडत होते. म्हणून ओलावा सहन करणारे रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर सिमेंट, म्हणजे काचेची पूड, ॲसिड आणि थोडे रेझिन यांचे मिश्रण, निवडले. प्रयोगशाळेच्या तक्त्यांत याची ताकद नेहमीच्या कंपोझिटपेक्षा सहसा कमी दिसते, आणि पहिल्या तासात तर ती आणखी कमी असते. परंतु त्यातले पॉलिॲसिड एनॅमलमधल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करते, आणि त्याच्या घट्ट होण्याच्या प्रक्रियेला थोडे पाणी लागतेच. दात ठणठणीत कोरडा केला तर उलट नुकसान होते. शिवाय ते फ्लोराइड सोडते, आणि सुजलेल्या हिरडीजवळ जिथे ब्रश नीट पोहोचत नाही तिथे हा फायदा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

१० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिडने पृष्ठभाग तयार करून, दात ओलसर ठेवून, ब्रॅकेट मुद्दाम योग्य जागेपेक्षा थोडा वर, चावण्याच्या पृष्ठभागाकडे बसवला, म्हणजे त्याची कड हिरडीपासून मोकळी राहिली. जागा तात्पुरती आहे हे ठरवूनच घेतले होते. सुरुवातीची ताकद कमी असल्यामुळे त्या दिवशी त्या ब्रॅकेटमध्ये तार बांधली नाही. ती पुढच्या भेटीत, आणि तीही बारीक निकेल-टायटॅनियमची, बांधली.

परिणाम

उजव्या उपदाढेवरचा तो ब्रॅकेट, कागदावर सर्वांत 'कमजोर' असलेल्या पदार्थाने बसवलेला, दाताची मान हिरडीबाहेर येईपर्यंत जागेवर राहिला. हिरडीची सूज ओसरल्यावर तो मी स्वतः काढला. सिमेंटचा मोठा भाग ब्रॅकेटसोबतच आला आणि दातावर उरलेला थोडा भाग सहज साफ झाला. त्यानंतर योग्य जागी कंपोझिटने बसवलेला ब्रॅकेट उपचार संपेपर्यंत टिकला. पटाशीच्या दातांवरचे दोन्ही ब्रॅकेट टर्बो बसवल्यापासून निघाले नाहीत. मुलाच्या आहारात आम्ही काहीच नवे निर्बंध घातले नव्हते.

एका रुग्णावरून दोन पदार्थांची तुलना सिद्ध होत नाही. हिरडी निरोगी असती आणि दात पूर्ण वर आलेला असता तर कंपोझिट तिथेही टिकले असते, हे डाव्या बाजूनेच दाखवले. त्यामुळे सर्व उपदाढांवर सरसकट ग्लास आयोनोमर वापरावे असा निष्कर्ष यातून काढू नये.

ब्रॅकेट काढण्याच्या वेळी या प्रकरणाची दुसरी बाजू समोर आली. बाँड जितका जास्त ताकदवान तितका चांगला, हे गृहीतक तिथे मोडते. एनॅमलची स्वतःची ताण सहन करण्याची क्षमता साधारण १४ मेगापास्कलच्या आसपास मानली जाते; बाँड त्याच्या जवळ गेला की ब्रॅकेट काढताना पदार्थ तुटण्याऐवजी एनॅमलचाच कपचा निघण्याचा धोका वाढतो. म्हणून काढताना ब्रॅकेटचे पंख पक्कडीने हलके दाबून तळ वाकवला, जेणेकरून पदार्थ आणि जाळी यांच्या सीमेवरच बाँड सुटेल. पटाशीच्या दोन्ही दातांवर गुण पुन्हा ३ आला, आणि या वेळी तो हवाच होता. उरलेले कंपोझिट कमी वेगाच्या टंगस्टन कार्बाइड बरने, मध्येमध्ये दात वाळवून आणि एनॅमलची चमक कुठे सुरू होते ते पाहत, काढले. कडेने प्रकाश टाकून चारही दात तपासले. उपचाराआधीच्या छायाचित्रांत खालच्या डाव्या पटाशीच्या दातावर जी एक बारीक उभी रेघ होती तीच तेवढी दिसली, नवीन तडा कुठेही नव्हता, आणि उजव्या उपदाढेच्या मानेशी पांढरा डागही पडलेला नव्हता.